एकेचाळीस धवले आणि एक टॅब

दीपगृहांवरच्या एका जाडजूड पुस्तकात, पान एकशे बारा आणि एकशे तेराच्या मधे, ते पत्र पाच महिने पडून होतं. ते कुठे आहे हे हरिचंद्र गायकरांना पक्कं माहीत होतं, आणि म्हणूनच ते त्या पुस्तकाकडे फिरकत नसत. त्याच फळीवरचं दुसरं पुस्तक हवं असलं, तर डोळे छताकडे लावून नुसत्या हाताने चाचपून काढत.

यात गंमत अशी, की हरिचंद्रभाऊंनी आयुष्याची तीस वर्षं बदलापूरच्या वाचनालयात लोकांना कार्डं पाठवण्यात घालवली होती. ‘सदर पुस्तक सात दिवसांच्या आत परत करावे, अन्यथा...’ अन्यथाच्या पुढे ते कायम तीन टिंबं देत. पुढे काय करायचं ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. पण त्या तीन टिंबांना घाबरून कात्रपपासून कुळगावपर्यंतची माणसं पुस्तकं आणून देत. आता त्र्याहत्तराव्या वर्षी तीच तीन टिंबं त्यांच्या स्वतःच्या घरात, एकशे बाराव्या पानावर, दबा धरून बसली होती.

पत्र चामटोलीच्या द्रौपदीबायचं होतं. द्रौपदीबाय म्हणजे त्यांची चुलत बहीण, पाच वर्षांनी मोठी आणि पन्नास वर्षं धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात हळदीपासून मांडवापर्यंत प्रत्येक विधीला धवलारीण आपला धवला गाते, आणि तो कुठल्याही पुस्तकात नसतो, तिच्या डोक्यात असतो. बायला लिहिता येत नसल्यामुळे पत्र नातीने, सोनियाने, लिहिलं होतं. पण आवाज बायचाच होता.

‘हरीस आशीर्वाद. सोनियाचं लग्न वैशाखात ठरलंय. माझ्या नातीचा धवला मीच म्हणणार. पण हरी, आता मधेच तुटतं रे. हळदीचं म्हणताना मांडवाचं येतं. तू आठ वर्षांपूर्वी मशिनीत घेतलंस ते सगळं कागदावर मोठ्या अक्षरात लिहून पाठव, सोनिया मला वाचून दाखवील. जमत नसलं तर तसं कळव, मी दुसरी धवलारीण बघते. पण पाडव्यापर्यंत कळव.’

पत्र दिवाळीत आलं होतं. आता गुढीपाडवा होऊन आठ दिवस झाले होते.

उत्तर द्यायला हरिचंद्रभाऊ आळशी नव्हते. पण मशिनीत घेतलेलं मशिनीतून निघत नव्हतं. ही मशीन म्हणजे निवृत्तीच्या समारंभात वाचनालयाने दिलेला टॅब. त्यावर त्यांनी बायच्या ओटीवर पाच रविवार बसून धवले रेकॉर्ड केले होते. लग्न नसताना धवला उगाच म्हणायचा नाही असा बायचा नेम, म्हणून तिने आधी दिवा लावला, नारळ मांडला आणि टॅबलाही हळदकुंकू वाहिलं. एकेचाळीस तुकडे झाले. हरिचंद्रभाऊंनी ठरवलं, आता हे निवांतपणे वहीत उतरवायचं. त्या निवांतपणाची वाट बघण्यात आठ वर्षं गेली, आणि दिवाळीत पत्र आल्यावर धावत जाऊन टॅब उघडला तर ते रेकॉर्डिंगचं ॲप म्हणालं, ‘ही सेवा बंद झाली आहे. आपल्या सहकार्याबद्दल आभार.’

“अहो, चामटोली रिक्षाने वीस मिनिटं,” मोतीबाई म्हणाल्या. हरिचंद्रभाऊंशी पंचेचाळीस वर्षं संसार केल्यामुळे त्या फार कमी शब्दांत बोलत. “जाऊन सांगा, बाय, अडकलंय म्हणून.”

“सांगू ना. पण आधी काही उपाय निघतो का बघतो.”

उपाय शोधायला पाच महिने लागले, कारण त्यातले चार महिने आणि पंचवीस दिवस ते कुणाला विचारायलाच धजावले नाहीत. आपली चूक असणार, आपणच काहीतरी भलतं दाबलं असणार, असं त्यांना आतून वाटत होतं. शेवटी मोतीबाईंनीच बाजारातून बातमी आणली. चामटोलीची भाजीवाली भेटली होती.

“द्रौपदीबायने अजून कुणाला सांगितलेलं नाही. दोन धवलारणी विचारून गेल्या. ही म्हणते, हरी कळवील.”

हरिचंद्रभाऊंना वाटलं, बाय रागावली असती तर बरं झालं असतं. ती वाट बघत होती. आता धवले मिळाले नाहीत, तर भर मांडवात, नातीच्या हळदीला, चारशे माणसांसमोर पन्नास वर्षांची धवलारीण मधेच गप्प होणार होती, आणि त्याला कारण एकच माणूस.

त्या भीतीने ते जिना चढून वरच्या धर्मेशकडे गेले. धर्मेश कुठल्याशा कंपनीत कॉम्प्युटरचं बघतो, एवढी माहिती सोसायटीच्या फलकावरसुद्धा होती.

“काका, रेकॉर्डिंग आतच आहे,” टॅब उलटसुलट करत धर्मेश म्हणाला. “पण ॲपच्या स्वतःच्या खोलीत आहे. त्या खोलीची चावी कंपनी आपल्याला देत नाही. रूट करावं लागेल.”

“म्हणजे?”

“असं समजा, तुम्ही या फ्लॅटमधे भाड्याने राहता. खिळा ठोकायचा तरी मालकाला विचारायचं. रूट केलं की मालक तुम्हीच. भिंत पाडा, काय पाहिजे ते करा.”

हरिचंद्रभाऊंना भिंत पाडायची नव्हती. त्यांनी आयुष्यात कधी खिळाही ठोकला नव्हता. घरातली चित्रं मोतीबाई लावत. “आणि काही चुकलं तर?”

“मग टॅबची वीट होते,” धर्मेश सहज म्हणाला. “म्हणजे चालूच होत नाही. पण होत नाही सहसा. माझ्याकडे आता तसली केबल नाहीये. तुम्ही उल्हासनगरला जा, कॅम्प तीनला, हरेशभाईकडे. माझं नाव सांगा. डरने का नाय, काका.”

उतरताना जिन्यात शेजारच्या संजीवनीवहिनी भेटल्या, आणि त्यांनी विचारल्यावर हरिचंद्रभाऊंनी सगळं सांगून टाकलं. संजीवनीवहिनींच्या मोबाईलवर जगातलं प्रत्येक संकट दोन दिवस आधी येत असे.

“रूट?” त्यांनी भाजीची पिशवी खाली ठेवली. “भाऊ, काही करू नका हां. आमच्या ग्रुपवर आलंय. रूट केलं की तुमचा कॅमेरा दुसऱ्यांना दिसतो. म्हणजे तुम्ही घरात कसे बसता, काय खाता, सगळं. आणि बॅंकेला लगेच कळतं. एकाची तर पेन्शन बंद झाली. नंतर तो जिवंत आहे हे सिद्ध करायला त्याला सहा महिने लागले.”

हरिचंद्रभाऊंनी त्या दिवसापासून टॅबवर टॉवेल टाकून ठेवला. जेवताना तर तो उचलून आतल्या खोलीत, भिंतीकडे तोंड करून ठेवत. आपण जिवंत आहोत हे सिद्ध करायची वेळ आली तर नक्की काय काय सांगता येईल, याचाही त्यांनी विचार करून पाहिला. फारसं काही सुचलं नाही.

तरी सोमवारी सकाळी ते निघाले. टॅब टॉवेलात, टॉवेल पिशवीत, पिशवी छातीशी. अंबरनाथला शेअर रिक्षा बदलून कॅम्प तीन गाठेपर्यंत त्यांनी चार वेळा परत फिरायचं ठरवलं. पण शेअर रिक्षातून मधल्या सीटवरच्या माणसाला उतरायचं असेल तर सगळ्यांना उठवावं लागतं, आणि तेवढं धाडस त्यांच्यात नव्हतं. त्यामुळे ते पोचले.

हरेशभाईचं दुकान जीन्स शिवणाऱ्या कारखान्यांच्या गल्लीत होतं. वर शिलाई मशिनींची घरघर, खाली निळ्या पाण्याची गटारं आणि मधे चार फुटांच्या काउंटरमागे सिंधी हरेशभाई, डोळ्याला भिंग लावलेले.

“धर्मेशने भेजा? बोलो साईं.” त्यांनी टॅब हातात घेतला आणि कडेवर नख घासलं. “ये पीला क्या है? पानी गया क्या अंदर? केमिकल है?”

“हळद आहे,” हरिचंद्रभाऊ अगदी हळू म्हणाले.

“हलदी? टॅबलेट को हलदी?” भिंगामागचा डोळा मोठा झाला. “शादी हुई इसकी?”

बाकावरची दोन गिऱ्हाइकं हसली. हरिचंद्रभाऊंनी बायचा नेम, नारळ, दिवा सगळं समजावून सांगायला सुरुवात केली. पण हरेशभाईंनी तोवर टॅब पालथा केला होता. मागे कोरलेलं होतं: ‘सार्वजनिक वाचनालय, बदलापूर’. ‘सप्रेम भेट’ हे शब्द फक्त खोक्यावर होते, आणि त्या खोक्यात मोतीबाई दोरे ठेवत.

“काका, ये तो लायब्ररी का माल है. बुरा मत मानो, पण मागच्या महिन्यात एक जण शाळेचे चार टॅब घेऊन आला होता. पोलीस मेरे पास बैठे रहे पूरा दिन. लायब्ररीची चिठ्ठी आणा, सिक्का मारून. फिर करता हूँ.”

हरिचंद्र गायकर, ज्यांनी तीस वर्षांत वाचनालयाची पेन्सिलसुद्धा घरी नेली नव्हती, ते त्या गल्लीत चोर ठरता ठरता राहिले. परतीच्या रिक्षात त्यांना वाटलं, रिक्षावाला आरशातून आपल्याकडेच बघतोय.

वाचनालयात त्यांच्या जागी आता अक्षय नावाचा गडी होता. सभ्य, चष्मेवाला, नियमाचा पक्का. थोडक्यात, त्यांनीच घडवलेला.

“सर, देतो ना चिठ्ठी. तुम्ही अर्ज करा. शनिवारी समितीची बैठक आहे, त्यात ठेवतो.” मग त्याने संगणकात बघितलं आणि त्याचा चेहरा अवघडला. “सर... तुमच्या नावावर एक पुस्तक दिसतंय. दीपगृहांवरचं. दोन हजार तेरापासून.”

काउंटरच्या अलीकडे उभं राहिल्यावर माणूस किती लहान दिसतो, ते हरिचंद्रभाऊंना प्रथमच कळलं.

“ते परत आल्याशिवाय थकबाकीदाराला कसलाच दाखला देता येत नाही. तुमचाच नियम आहे, सर. भिंतीवर लावलाय.”

खरंच लावला होता. त्यांच्याच अक्षरात. शेवटी तीन टिंबं.

घरी येऊन त्यांनी पाच महिन्यांनी पहिल्यांदा ते पुस्तक उघडलं. पत्र काढलं. वाचलं नाही, फक्त खिशात घातलं, आणि ते खिशात असेपर्यंत छातीचा डावा भाग जड वाटत राहिला. पुस्तक जमा झालं. शनिवारी समितीत ‘रूट करणे म्हणजे नक्की काय’ यावर पाऊण तास चर्चा झाली. एका सदस्याने ते झाडाशी संबंधित असल्याचं समजून पर्यावरण विभागाचा अभिप्राय मागवावा असं सुचवलं. शेवटी अक्षयने धीर करून ‘सदर वस्तू भेट असून श्री. गायकर तिचे काहीही करू शकतात’ असा ठराव लिहिला. हरिचंद्रभाऊंनी तो घरी नेऊन तीनदा वाचला. ‘काहीही’ या शब्दाची त्यांना भीती वाटली.

“चामटोली वीस मिनिटं,” मोतीबाई पोळी लाटता लाटता म्हणाल्या.

“सोमवारी करून घेतो ना.”

“मी कुठे काय म्हणते. तुम्ही उल्हासनगरला दोनदा जाल, समितीपुढे उभे राहाल, त्या टॅबची वीट करून घ्याल. पण वीस मिनिटांवरच्या बहिणीला तोंड दाखवणार नाही.”

हरिचंद्रभाऊंनी वाटीतली आमटी पातळ झाली आहे का ते फार बारकाईने पाहिलं.

सोमवारी हरेशभाईंनी ठराव वाचला आणि काउंटरखालून एक छापील कागद काढला. ‘मोबाईल बंद पडल्यास जबाबदारी गिऱ्हाइकाची राहिल.’

“सही.”

हरिचंद्रभाऊंनी पेन घेतलं, आणि त्यांचा हात आपोआप ‘राहिल’वर गेला. त्यांनी ती वेलांटी दीर्घ केली. मग लक्षात आलं, की आपण आपल्याच फाशीच्या हुकुमाचं शुद्धलेखन तपासतोय. सही केली.

“नये मॉडेल में पहले सब साफ करना पडता है, फिर रूट,” हरेशभाई केबल जोडत म्हणाले. “पण हे जुनं आहे. याला न पुसता होऊन जाईल. बहुतेक.”

“बहुतेक म्हणजे?”

“म्हणजे बहुतेक, साईं.”

पडद्यावर इंग्रजीत एक लांबलचक इशारा आला. गेल्या दहा वर्षांत त्या दुकानात तो इशारा कुणी वाचला नसेल. हरिचंद्रभाऊंनी पूर्ण वाचला. खालून दुसरी ओळ, ‘सगळं पुसलं जाऊ शकतं’ अशा अर्थाची, त्यांनी दोनदा वाचली.

“मैं दबाऊँ?” हरेशभाईंनी विचारलं.

हरिचंद्रभाऊंना वाटलं, दाबलं नाही तर टॅब आहे तसा राहील, पत्र आहे तसं राहील आणि आपणही आहोत तसेच राहू. फक्त बाय मांडवात गप्प होईल.

“दाबा,” ते म्हणाले आणि डोळे मिटले.

टॅब काळा झाला. मग कंपनीचं चिन्ह आलं, गेलं, आलं, गेलं. पाच मिनिटं. दहा मिनिटं. हरेशभाईंनी ‘हं’ केलं. वैद्याने नाडी बघताना करावं तसलं ‘हं’.

“काका, तुम्ही जरा फिरून या.”

हरिचंद्रभाऊ फिरले नाहीत, समोरच्या दाल पकवानच्या गाडीपाशी उभे राहिले. गाडीवाल्याने न विचारता प्लेट हातात दिली. त्यांनी पकवानाचा एक तुकडा मोडला आणि तोंडापर्यंत नेऊन परत ठेवला. गटारातून निळं पाणी वाहत होतं. ते मनातल्या मनात पत्राचा मजकूर जुळवत होते: ‘बाय, तुझे धवले गेले.’ पुढे काय लिहायचं? तीन टिंबं?

“आ गया!” गल्लीपलीकडून हरेशभाई ओरडले. “आ गया साईं, एकतालीस के एकतालीस!”

प्लेट तिथेच राहिली. हरिचंद्रभाऊ दुकानात पोचेपर्यंत हरेशभाईंनी टॅब मोठ्या स्पीकरला जोडला होता. आणि कॅम्प तीनच्या त्या गल्लीत, शिलाई मशिनींच्या वर, द्रौपदीबायचा आठ वर्षांपूर्वीचा आवाज चढला. जाड, खणखणीत, जराही न थरथरणारा. पहिल्या ओळीला बाकावरचा माणूस मोबाईलवरून मान वर करून बघायला लागला. दुसऱ्या ओळीला वरच्या मजल्यावरच्या दोन मशिनी थांबल्या आणि जिन्यात कारागीर येऊन उभे राहिले. शब्द कुणालाच कळत नव्हते, पण लग्नाचं गाणं आहे हे सगळ्यांना कळलं. तिसरी ओळ सुरू झाली, आणि—

‘बाय, थांब. हा शब्द परत म्हण. याचा अर्थ काय?’

गाणं तुटलं. बायने अर्थ सांगितला. परत सुरू केलं. दोन ओळी.

‘थांब, थांब. हे आधीच्या कडव्यात वेगळं होतं ना?’

“अरे यार,” जिन्यातून कुणीतरी म्हणालं, “गाने दो ना अम्मा को!”

“कौन है ये आदमी?” हरेशभाई वैतागून म्हणाले. “बीच बीच में बोलताच जातोय. काका, ओळखता का याला?”

सगळे हरिचंद्रभाऊंकडे बघत होते. आयुष्यभर चारचौघांत तोंड न उघडलेल्या माणसाचा आवाज साऱ्या गल्लीत घुमत होता, आणि तो थांबत नव्हता.

“नाही,” हरिचंद्रभाऊ म्हणाले. “कुणीतरी असेल.”

घरी येऊन त्यांनी दार लावलं आणि वही घेतली. पुढचे चार दिवस सकाळ-दुपार ते ऐकत होते आणि लिहीत होते, मोठ्या अक्षरात, एका पानावर आठच ओळी. दर तुकड्यात आपला तो चिवट आवाज आला की त्यांच्या कानाच्या पाळ्या तापत. पण एक गोष्ट हळूहळू लक्षात आली. दर ठिकाणी थांबवल्यामुळे बायने प्रत्येक ओळ तीन-तीनदा म्हटली होती. एकही अक्षर निसटलं नव्हतं. आणि त्यांनाही सगळं पाठ झालं होतं. हळदीचं हळदीला, मांडवाचं मांडवाला.

शुक्रवारी दुपारी शेवटचा, एकेचाळिसावा तुकडा लावला. त्यात गाणं संपल्यावर ‘जरा पाणी पिऊन येतो’ असा त्यांचाच आवाज होता. टॅब बंद करायला ते विसरले होते. थोडा वेळ नुसता पंख्याचा आवाज. मग बाय, हलक्या आवाजात:

‘गेला का ग हऱ्या?’

‘पानी प्यायला गेला, आजी,’ सोनिया. तेव्हा सातवीत होती.

‘बरा झाला. सारखा थांबवते मना. लहानपनी पन असाच व्हता, इचारल्याशिवाय घास गिलत नव्हता. भितरा तं येवढा, का कोंबरीला पन वाट देल.’ दोघी हसल्या. ‘पन येक हाय, पोरी. याला काय ठेवायला दिला ना, तं ते हारवनार नाय. मी इसरंन. ह्यो नाय इसरायचा.’

मोतीबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं होतं. चामटोलीच्या अंतराबद्दल त्या या वेळी काहीच बोलल्या नाहीत. फक्त टपालाचं पाकीट आणि डिंकाची बाटली टेबलावर ठेवून आत गेल्या.

हरिचंद्रभाऊंनी तीन कागद फाडले. पहिल्यात सहा वेळा क्षमा मागितली होती. दुसऱ्यात रूट करणे म्हणजे काय हे दीड पानभर समजावलं होतं. तिसऱ्यात टपाल खात्याच्या दिरंगाईबद्दल एक खोटं वाक्य आलं, तेव्हा त्यांनी स्वतःकडेच चष्म्यावरून बघितलं. चौथा कागद राहिला.

‘बाय, साष्टांग नमस्कार. तुझ्या पत्राला उत्तर द्यायला मला भीती वाटली, म्हणून उशीर झाला. दुसरं कारण नाही. एकेचाळीसच्या एकेचाळीस धवले आहेत. वहीत उतरवले आहेत, पण टपालाने पाठवत नाही. मी स्वतः घेऊन पुढच्या गुरुवारी सकाळी येतो. दुसऱ्या धवलारणीला सांगू नकोस. सोनियाच्या हळदीला मी तुझ्या मागे बसेन. बायकांत बसायला लाज वाटेल, पण बसेन. अडलीस तर हळूच सांगीन. एरवी मधे बोलणार नाही. तुझा, हरी.’

शनिवारी सकाळी, दहाला पोस्टमन पेटी उघडायच्या आधी, ते कोपऱ्यावरच्या लाल पेटीपाशी उभे होते. समोरून चामटोलीला जाणारी रिक्षा गेली. रिक्षावाल्याने मान तिरकी करून ‘येणार का’ असं विचारलं. हरिचंद्रभाऊंनी नकारार्थी मान हलवली. तिथे जायला वीस मिनिटं लागतात हे खरं होतं. पण तिथे जायला लागणारा धीर त्यांना गुरुवारपर्यंत जमवायचा होता, आणि आपला धीर त्यांना चांगला माहीत होता. पत्र एकदा पोचलं, की मग न जाणं शक्यच नव्हतं.

त्यांनी पाकीट पेटीच्या तोंडात सरकवलं आणि टोक धरून ठेवलं. पत्ता बरोबर आहे ना? गुरुवारी काही सण तर नाही ना? ‘हळूच सांगीन’ म्हटलंय, पण बायला हल्ली ऐकू कमी येत असेल तर मोठ्याने सांगावं लागेल, चारशे माणसांत...

मागे एक बाई पत्र टाकायला येऊन थांबली होती.

“आजोबा, टाकताय ना?”

हरिचंद्रभाऊ दचकले. दचकताना बोटं सुटली. आत, पेटीच्या तळाशी, पाकीट पडल्याचा बारीकसा आवाज आला.